वापराचे आकडे आणि माणसाचं भलं

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर एक प्रयोग सुरू असताना त्यात बग शिरला आणि प्रयोगातल्या लोकांना शोधाचे अगदी सुमार निकाल दिसू लागले. त्याच काळात आकडे मात्र चढले. माणशी शोध १० टक्क्यांहून जास्त वाढले, माणशी उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त. कारण समजायला अवघड नाही. हवं ते सापडलं नाही की माणूस शब्द फिरवून पुन्हा शोधतो, आणि निकालच निरुपयोगी असले की जाहिराती त्यातल्या त्यात बऱ्या वाटतात. रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२च्या शोधनिबंधात हा प्रकार खुलेपणाने मांडला. शोधांची संख्या आणि उत्पन्न हेच ध्येय धरलं, तर सर्च इंजिन बिघडवणं फायद्याचं ठरेल, हा त्यातून निघणारा अर्थही त्यांनी लपवला नाही. त्यांनी सुचवलेलं माप वेगळं होतं: एका वेळच्या शोधात माणसाला कमी खटपट करावी लागली पाहिजे आणि तो आपणहून जास्त वेळा परत यायला हवा.

हा बग होता, म्हणून पकडला गेला. हाच परिणाम कुणी नव्या डिझाइनमधून आणला असता तर ए-बी टेस्टमध्ये, म्हणजे जुनी आणि नवी आवृत्ती वेगवेगळ्या लोकांना दाखवून केलेल्या तुलनेत, तो जिंकला असता, सगळ्यांसाठी लागू झाला असता आणि टीमचं कौतुक झालं असतं. आपल्या फोनमधल्या कितीतरी गोष्टी अशाच जिंकून आलेल्या असतील, याची मला मनापासून काळजी वाटते.

माझं म्हणणं असं आहे: जे ॲप किंवा जी सेवा माणसाच्या आयुष्यात काही बरं घडवण्याचं आश्वासन देते, तिने ते घडलं की नाही हे ॲपच्या बाहेर जाऊन मोजलं पाहिजे, ज्यांना ती सेवा मिळाली नाही त्यांच्याशी तुलना करून मोजलं पाहिजे, आणि निकाल काहीही लागला तरी तो लोकांसमोर ठेवला पाहिजे. वर्तनविज्ञान आजवर प्रॉडक्टच्या जगात मुख्यतः वापर वाढवायला जुंपलं गेलं. त्याचा खरा उपयोग या मोजमापात आहे आणि तिथेच त्याला फारसं कुणी बोलावत नाही.

माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो म्हणजे त्याला ती आवडते, आणि आवडते म्हणजे तिच्यात त्याचं भलं आहे, हे प्रॉडक्टच्या बैठकांत न बोलता गृहीत धरलेलं असतं. वर्तनविज्ञानाने यातली प्रत्येक कडी तपासली आहे आणि कुठलीच भक्कम निघालेली नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबुतर सर्वांत चिवटपणे चोच मारत राहतं असं दिसलं. बोटाने फीड खाली ओढून सोडणारा माणूस काही कबुतर नव्हे, पण पुढच्या ओढीला काय मिळेल याचा नेम त्यालाही नसतो. केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं, तरी जिभेवर गोड पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी पसंती तशीच राहते; ते गोड मिळवायला धडपडणं मात्र थांबतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. आपण क्लिक मोजतो तेव्हा पहिली मोजतो आणि अहवालात दुसरी लिहितो.

माणसांवरचा पुरावाही आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेन्ट्झको आणि सहकाऱ्यांनी २०१८च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीआधी काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं आणि त्यांची तुलना चालू ठेवणाऱ्यांशी केली. बंद ठेवणाऱ्यांचा रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, त्यांचं समाधान थोडं वाढलं, राजकीय टोकाची मतं काहीशी निवळली आणि बातम्यांची माहिती कमी झाली. प्रयोग संपल्यावर मोकळीक असूनही ते फेसबुक आधीपेक्षा कमी वापरू लागले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की संशोधकांनी लाभ आणि हानी दोन्ही वह्यांत नोंदवली. बातम्या कळणं ही फेसबुकची खरी देणगी होती, तीही मोजली गेली. ऑलकॉट, जेन्ट्झको आणि लीना साँग यांच्या २०२२च्या अभ्यासात असा अंदाज निघाला, की समाजमाध्यमांच्या वापरापैकी सुमारे ३१ टक्के वापर स्वतःवर ताबा न राहिल्यामुळे होतो. एखाद्या टीमने हा भाग कमी केला तर तिच्या डॅशबोर्डवर ती अपयशी दिसेल.

इतकं वाचून कुणाला वाटेल की हा प्रश्न फक्त फीड आणि व्हिडिओवाल्यांचा आहे. मला ज्यांची जास्त चिंता वाटते ती उत्पादनं चांगल्या हेतूची आहेत. बचतीची, आरोग्याची, शिकण्याची. तिथे हेतू इतका स्वच्छ असतो की मोजायची गरजच कुणाला वाटत नाही.

बचतीचं उदाहरण जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत निवृत्तीनिधीत भाग घ्यायचा तर कर्मचाऱ्याला स्वतः फॉर्म भरावा लागे. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये एका कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला, जिने हा नियम उलटा केला होता: नवा माणूस आपोआप सामील, नको असेल तर त्याने बाहेर पडायचं. सहभाग ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेला. फॉर्मवरचा एक पर्याय आधीच निवडून ठेवल्याने एवढा फरक पडला आणि वर्तनविज्ञानाच्या प्रत्येक व्याख्यानात हा आकडा झळकू लागला. पण त्याच शोधनिबंधात पुढचं पानही आहे. आपोआप ठरलेली वर्गणी होती पगाराच्या अवघी ३ टक्के, आणि पैसे जात होते कमी जोखमीच्या, कमी परताव्याच्या फंडात. पुष्कळ लोक तिथेच बसून राहिले. ज्यांनी स्वतः फॉर्म भरून जास्त वर्गणी ठेवली असती, त्यांच्यातलेही काहीजण या ३ टक्क्यांना चिकटले. सहभाग हेच ध्येय धरलं असतं तर काम फत्ते झालं होतं. म्हातारपणी पुरेसा पैसा हे ध्येय धरलं तर काही लोकांचं नुकसान झालं होतं.

मग रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्टझी यांनी योजना सुधारली. आज वर्गणी वाढवू नका, पुढच्या पगारवाढीच्या वेळी आपोआप वाढेल एवढीच संमती द्या. २००४च्या त्यांच्या शोधनिबंधात योजनेत आलेल्यांचा बचतीचा दर ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलेला दिसतो. इथे माप एक पायरी पुढे सरकलं: सहभागावरून रकमेवर. पण गोष्ट इथेही संपत नाही. इकडे बचत वाढली, तिकडे कर्ज वाढलं तर? जॉन बेशियर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी लष्करातल्या नागरी कर्मचाऱ्यांच्या कर्जाच्या नोंदी तपासल्या आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रेडिट कार्डासारखी विनातारण देणी फारशी वाढलेली नव्हती, पण काही वर्षांनी वाहनकर्ज आणि गृहकर्ज वाढलेलं दिसलं. पुढे २०२४ मध्ये जेम्स चोई, डेव्हिड लेबसन, बेशियर्स आदींनी आणखी एक हिशेब मांडला. नोकरी सोडताना लोक निधीतले पैसे काढून घेतात. अशा गोष्टी धरल्या तर आपोआप बचतीचा दूरचा परिणाम आधी वाटला होता त्यापेक्षा लहान निघतो. ज्यांची सारी प्रतिष्ठा या विषयावर उभी आहे, त्यांनीच स्वतःच्या लाडक्या शोधाची किंमत खाली आणली. वर्तनविज्ञानाकडून प्रॉडक्टवाल्यांनी घ्यायचं ते हे. आधीच टिक केलेला पर्याय सगळ्यांनी उचलला. त्या पर्यायाच्या परिणामांचा वीस वर्षं पाठलाग करण्याची चिकाटी फार थोड्यांनी उचलली.

आरोग्याच्या ॲपमध्ये हीच चूक जास्त महागात पडू शकते. जॉन जाकिसिक यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ४७१ तरुण होते, सगळे वजन कमी करायला आलेले. सगळ्यांना आहार, व्यायाम आणि समुपदेशन होतं. सहा महिन्यांनंतर एका गटाला हालचाल मोजणारं, दंडावर बांधायचं यंत्र मिळालं. दुसरा गट आपली नोंद स्वतः वेबसाइटवर करत राहिला. दोन वर्षांअखेर यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलं होतं, यंत्र नसलेल्यांचं ५.९ किलोने. एका चाचणीवरून सगळी यंत्रं निकालात काढू नयेत, नंतरचे अभ्यास वेगवेगळं सांगतात. पण यंत्र किती दिवस बांधलं आणि किती हालचाल नोंदली गेली एवढंच पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

औषधशास्त्र हा धडा फार भारी किंमत देऊन शिकलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त असतो, म्हणून ठोके नियमित करणारी औषधं दिली जात. औषधं ठोके खरोखरच नियमित करत होती. कास्ट नावाच्या चाचणीत ती खऱ्या कसोटीला लावली गेली, आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. मधल्या मापात सुधारणा, शेवटच्या मापात मृत्यू. त्यानंतर मधल्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याबद्दल वैद्यकशास्त्र सावध झालं. सॉफ्टवेअरच्या जगात अजूनही मधलं मापच शेवटचं म्हणून चालतं.

आता हे जवळून पाहू. गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप घ्या, रक्तदाबाच्या रुग्णांसाठी. सकाळी आठला नोटिफिकेशन वाजतं. दोन बटणं येतात: ‘घेतली’ आणि ‘नंतर’. माणूस बाहेर पडायच्या घाईत आहे, बूट घालतो आहे, फोन वाजतोय. ‘नंतर’ दाबलं तर पुन्हा दहा मिनिटांनी कटकट. तो ‘घेतली’ दाबतो. गोळ्यांची पट्टी स्वयंपाकघरात तशीच. ॲपमध्ये हिरवी खूण आली, सलग दिवसांची साखळी आणखी एकाने वाढली आणि टीमच्या अहवालात त्याची नोंद नियमित औषध घेणारा रुग्ण अशी झाली. तो खोटं बोलतोय असं टीमला वाटत नाही आणि त्यालाही वाटत नाही. त्याने आवाज बंद करायचं बटण दाबलं आहे. साखळी तुटू नये म्हणून रात्री झोपण्याआधी चार बटणं एकदम दाबणारेही असतात. साखळी जितकी मोहक, तितकी तिच्यावरची नोंद अविश्वसनीय. डिझाइननेच आपलं माप पोखरलं.

वर्तनविज्ञान जाणणारा माणूस त्या टीममध्ये असेल तर त्याने पहिला प्रश्न विचारावा, की या माणसाच्या बाबतीत काय बदललं म्हणजे आपण जिंकलो. उत्तर बहुधा असं येईल: सहा महिन्यांनी त्याचा रक्तदाब आटोक्यात हवा. म्हणजे शेवटचं माप घरच्या यंत्रावरचा किंवा दवाखान्यातला आकडा. त्याच्या आधीची पायरी, गोळी खरंच पोटात जाणं. ते कशावरून ओळखायचं? औषधांचं पुढचं पाकीट केव्हा विकत घेतलं, या तारखांवरून बऱ्यापैकी अंदाज येतो. किती टक्के दिवस हाताशी औषध होतं हे माप संशोधनात सर्रास वापरलं जातं आणि ८० टक्के ही तिथली रुळलेली रेघ आहे. झाकण उघडल्याची वेळ टिपणाऱ्या बाटल्याही आहेत. त्यांतून एक मानवी सवय कळली: डॉक्टरांच्या भेटीच्या आगेमागे लोक गोळ्या नेमाने घेतात आणि मधल्या काळात ढिले पडतात. म्हणजे भेटीच्या दिवशी घेतलेलं मापही एकटं पुरत नाही. आणि त्याहून आधीचा प्रश्न, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो: गोळी चुकते ती का? विसरल्याने? की चक्कर येते म्हणून, पैसे नाहीत म्हणून, आजार जाणवतच नाही म्हणून? आठवणीचा उपाय फक्त विसरणाऱ्यांना लागू पडेल. बाकीच्यांना दिवसातून दोनदा वाजणारा फोन मिळेल, बस.

हे सगळं केल्यावरही हाती अपयश येऊ शकतं आणि ते स्वीकारायची तयारी लागते. केविन व्होल्प यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दीड हजार रुग्णांवर एक चाचणी केली, निकाल २०१७ मध्ये आले. इलेक्ट्रॉनिक बाटल्या, रोजच्या लॉटरीसारखं आर्थिक बक्षीस, लक्ष ठेवणारा मित्र किंवा नातेवाईक, मदतीला माणूस. वर्तनविज्ञानाच्या भात्यातले नावाजलेले बाण सगळे लावून झाले. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागण्यात ठळक फरक पडला नाही. संशोधकांनी शेवटचं माप आधीच जाहीर केलं होतं, म्हणून हे कळलं. बाटल्या किती उघडल्या यावर भागवलं असतं तर तीच चाचणी कदाचित यशोगाथा म्हणून मिरवली असती.

वर्तनविज्ञानावर विसंबायचं म्हणजे त्याच्या युक्त्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा असं नव्हे. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दोन ढिगांची तुलना केली: नियतकालिकांत छापून आलेल्या नज-प्रयोगांचा (सक्ती न करता माणसाला एका निवडीकडे हलकेच ढकलणाऱ्या उपायांचा) सरासरी परिणाम ८.७ टक्के-गुण, आणि अमेरिकेत असे उपाय राबवणाऱ्या दोन मोठ्या नज युनिटनी प्रत्यक्ष केलेल्या सगळ्या प्रयोगांचा १.४. छापलेल्यांत यशस्वी प्रयोगच जास्त शिरतात, हे त्या तफावतीचं एक मोठं कारण. केटी मिल्कमन यांच्या पुढाकाराने व्यायामशाळेच्या ६१ हजार सदस्यांवर एकाच वेळी ५४ वेगवेगळे कार्यक्रम तपासले गेले (२०२१). चार आठवड्यांच्या कार्यक्रमादरम्यान जवळपास निम्म्या कार्यक्रमांनी हजेरी वाढवली. कार्यक्रम संपल्यावरही परिणाम टिकला तो फक्त ८ टक्के कार्यक्रमांचा. आणि कोणता कार्यक्रम चालेल याचा तज्ज्ञांचा अंदाज चुकला होता. दोन आठवड्यांची ए-बी टेस्ट लावून निर्णय घेणाऱ्या प्रत्येक टीमने हा ८ टक्क्यांचा आकडा मनात ठेवावा.

अर्थपूर्ण परिणाम म्हणजे काय हे ठरवायचं कुणी? कंपनीने नाही, असं माझं ठाम मत आहे. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं, की आता फीडमध्ये लोकांमधल्या अर्थपूर्ण देवाणघेवाणीला महत्त्व दिलं जाईल. वेळ कमी खर्च झाला तरी चालेल, असंही झुकरबर्ग म्हणाले. हेतू मला खोटा वाटत नाही. पण त्या अर्थपूर्णतेचं रूपांतर शेवटी कमेंट, शेअर आणि प्रतिक्रियांच्या गुणांत झालं. जास्त कमेंट कशावर येतात? ज्यावर भांडण जुंपतं त्यावर. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांत कंपनीचेच संशोधक सांगत होते, की या बदलाने संतापी मजकुराला बळ मिळालं. चेहऱ्यांच्या प्रतिक्रियांना, त्यात रागाची प्रतिक्रियाही आली, काही काळ साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. रागाचं वजन शून्यावर आलं ते २०२०च्या सप्टेंबरात. चांगलं नाव दिलं म्हणून माप चांगलं होत नाही. ज्याच्या आयुष्याबद्दल बोलतोय त्याला विचारलं गेलं नाही, ही मूळ चूक.

विचारायचं कसं, यातही कसब आहे. ‘ॲप आवडलं का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही, कारण नुकतंच काय घडलं त्याचा रंग उत्तराला चढतो. डॅनियल कानेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये आतड्याच्या तपासणीतून गेलेल्या रुग्णांवर दाखवून दिलं, की वेदना एकूण किती वेळ झाली यापेक्षा ती सर्वांत तीव्र असताना किती होती आणि शेवटी कशी होती, यावरच आठवण बेतलेली असते. स्वतःच्या वापराचा अंदाजही माणसाला धड सांगता येत नाही. म्हणून प्रश्न ठोस हवेत आणि दोनदा विचारायला हवेत. सुरुवातीला: तुम्ही इथे कशासाठी आलात, तीन महिन्यांनी काय वेगळं असावं असं वाटतं? तीन महिन्यांनी, त्याच माणसाला, त्याच्याच शब्दांची आठवण देऊन: ते झालं का? आणि अधूनमधून, वापर संपल्यावर काही तासांनी: मघाचा वेळ पुन्हा असाच घालवाल का? हा शेवटचा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला तर आणखी बरं. तोवर ओढ ओसरलेली असते आणि पस्तावा असेल तर तो वर आलेला असतो.

या सगळ्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातला एक मला फारच योग्य वाटतो. आयुष्यातला बदल मोजायचा म्हणजे कंपनीने आयुष्यात आणखी डोकवायचं का? औषधखरेदी, कर्ज, वजन, मनःस्थिती, सगळं एका सर्व्हरवर? फेसबुकने लाखो लोकांच्या फीडमधल्या भावनांशी खेळून केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ६,८९,००३ लोकांपैकी कुणालाही आपण प्रयोगात आहोत हे माहीत नव्हतं. ते पुन्हा व्हायला नको. पण परिणाम मोजायला सगळ्यांचा सगळा डेटा लागतच नाही. काही हजार लोक, स्वच्छ शब्दांत घेतलेली संमती, मोजके प्रश्न, ठरलेली मुदत आणि मोजणारी संस्था कंपनीबाहेरची. वापर वाढवण्यासाठी आज जेवढा डेटा गोळा होतो, त्याच्या तुलनेत हे अगदीच थोडं आहे.

दुसरा आक्षेप धंद्याचा: असं मोजत बसलो तर बुडू. गूगलच्या तीन संशोधकांनी २०१५ मध्ये दिलेलं उत्तर मला पटतं. जास्त आणि सुमार जाहिराती दाखवल्या की लोक हळूहळू जाहिरातींकडे पाहणंच सोडतात. हे नुकसान दोन आठवड्यांच्या टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने चालणारे प्रयोग रचले. त्यावरून गूगलने मोबाइल सर्चवरच्या जाहिरातींचा भार निम्म्यावर आणला. लांब पल्ल्याने पाहिलं तर वापरणाऱ्याचं हित आणि कंपनीचं हित पुष्कळदा एकाच दिशेला असतं. पुष्कळदा, नेहमी नाही. जिथे नसतं तिथे कंपनीच्या सद्भावनेवर विसंबून चालणार नाही, आणि म्हणूनच मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो.

यावर वाट शोधायला फार लांब जावं लागत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून अट घातली, की चाचणी सुरू करण्याआधी ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदवा, नाहीतर निकाल छापणार नाही. कोणतं माप मुख्य धरणार, हे आधीच जाहीर. निकाल आल्यावर सोयीचं माप निवडण्याची पळवाट त्याने बरीच अरुंद झाली. आरोग्य, शिक्षण आणि पैशाच्या ॲपसाठी अशीच नोंद सक्तीची हवी: दावा काय, तो कशाने मोजणार, किती काळाने, कुणाशी तुलना करून. मनोरंजनाच्या ॲपला ही सक्ती नको. त्यांचा दावा करमणुकीचा आहे आणि तो वापरणाऱ्याला स्वतः तपासता येतो. पण ‘झोप सुधारेल’, ‘भाषा येईल’, ‘कर्ज फिटेल’ असं जो म्हणतो, त्याने पुरावा द्यावा.

नोंदीत एक रकाना मात्र मला सगळ्यांत आधी हवा आहे: सोडून गेलेल्यांचा. धूम्रपान सोडवणाऱ्या उपचारांच्या संशोधनात २००५ पासून रसेल स्टँडर्ड नावाची शिस्त रुळली आहे. किमान सहा महिने संयम, नुसत्या तोंडी सांगण्यावर न जाता श्वासाच्या तपासणीसारखी खातरजमा, आणि जो उपचारात दाखल झाला पण नंतर संपर्कातच राहिला नाही, तो पुन्हा ओढू लागला असं धरायचं. ॲपच्या जाहिरातीतले यशाचे आकडे याच्या नेमके उलट काढलेले असतात: जे शेवटपर्यंत टिकले आणि ज्यांनी प्रश्नावली भरली, त्यांच्यातले इतके टक्के. आठवड्याभरात कंटाळून ॲप काढून टाकणारे त्या हिशेबात कुठेच नसतात. धूम्रपान सोडवणाऱ्या ॲपमध्ये गुंता आणखी वाढतो, कारण ज्याची सवय खरोखर सुटली तोही एक दिवस ॲप काढूनच टाकणार. रिटेन्शनच्या, म्हणजे किती लोक ॲपवर टिकून आहेत हे दाखवणाऱ्या, आलेखावर दोघांचा ठिपका एकच. त्यांच्यातला फरक कळायला सहा महिन्यांनी फोन करून विचारावं लागतं, आणि जो फोन उचलणार नाही त्याला अपयशात धरावं लागतं. सार्वजनिक पैशातून अशी सेवा विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही अट करारात घालता येईल, त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही: देयकाचा ठरावीक भाग सहा महिन्यांनंतर, दाखल झालेल्या सगळ्यांचा हिशेब हाती आल्यावरच चुकता होईल.